भिंतीआडची गळती आणि हातातला कागद

न्यू जर्सीतल्या आमच्या घरात गॅरेजच्या डोक्यावर एक खोली आहे. सासू-सासरे साताऱ्याहून आले की तीच त्यांची. एका नोव्हेंबरात सासरे, म्हणजे अण्णा, सकाळच्या चहाला मफलर गुंडाळून खाली यायला लागले. दिवाणखान्यातला थर्मोस्टॅट ७० अंश फॅरनहाइट दाखवत होता. त्यांच्या खोलीत मी साधं थर्मामीटर ठेवलं, तर ६१. खाली बेसमेंटमध्ये फर्नेस धडधडत होती, पण खोलीतल्या जाळीवर हात धरला तर जेमतेम फुंकर लागत होती.

ओळखीतून एक माणूस मिळाला. तो दोन तास माळ्यावर होता, चंदेरी टेपचं एक रीळ त्यानं संपवलं आणि जाताना एका ओळीची पावती हातात ठेवली: 'डक्ट रिपेअर, १४०० डॉलर'. मी चेक दिला. काही दिवस बरं वाटलं. फेब्रुवारीत मफलर परत आला. फोन केला तेव्हा त्याचं म्हणणं असं की काम तर झालं होतं. आणि त्याला उत्तर द्यायला माझ्या कागदावर काहीच नव्हतं. कोणता भाग, कुठलं साहित्य, किती सुधारणा, किती दिवसांची हमी, यातलं एक अक्षर नाही.

त्या हिवाळ्यात मी हा विषय शिकायला बसले. आपल्यापैकी बहुतेकांना तो मुळापासूनच शिकावा लागतो. पुण्या-मुंबईच्या घरात एसी म्हणजे खिडकीतला डबा नाहीतर भिंतीवरचा स्प्लिट. बिघडला तर मेकॅनिक येतो, गॅस भरतो, पैसे घेऊन जातो. अमेरिकेतल्या बहुतेक घरांत एकच यंत्र साऱ्या घराची हवा गरम किंवा थंड करतं आणि ती हवा पत्र्याच्या नाहीतर लवचीक नळांमधून खोल्याखोल्यांत जाते. हे नळ म्हणजे डक्ट. ते भिंतीत, छताच्या पोकळीत, माळ्यावर दडलेले असतात. घर घेताना आपण स्वयंपाकघराचा ओटा निरखतो, डक्ट कोणी बघत नाही.

सातारा-सांगलीकडच्या माणसाला ही रचना समजावायला पाट पुरतो. धरणातून पाणी सुटतं, पण पाट फुटका असेल तर वाटेतच जिरतं आणि शेपटाकडचं शेत कोरडं राहतं. आमची गॅरेजवरची खोली हे असंच शेपटाकडचं शेत होतं. फर्नेस पुरेशी गरम हवा सोडत होती, ती खोलीपर्यंत पोचत नव्हती. अमेरिकी सरकारच्या एनर्जी स्टार कार्यक्रमाच्या माहितीनुसार साधारण घरात डक्टमधून वाहणाऱ्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा भेगा, भोकं आणि सुटलेले सांधे यांतून वाया जाते. अशा घरात पाटावरचा उपाय सोडून धरण मोठं करायला निघतात, तसं नवी मोठी फर्नेस विकणारेही भेटतात.

ही हवा गळते कुठे, याला फार महत्त्व आहे. टेक्सासमध्ये किंवा ॲरिझोनात डक्ट बहुधा माळ्यावर असतात. उन्हाळ्यात तिथला माळा १३० अंश फॅरनहाइटपर्यंत तापतो. तिथे गळलेली थंड हवा म्हणजे कौलातून बाहेर फेकलेले पैसे. न्यू जर्सीत पुष्कळ डक्ट बेसमेंटमधून जातात. तिथे गळलेली ऊब निदान घरातच राहते. म्हणून एकूण गळती आणि घराबाहेर जाणारी गळती हे दोन वेगळे आकडे असतात. कंत्राटदार 'तुमची गळती इतकी' म्हणाला, की यातली कोणती, हे विचारायलाच हवं. बेसमेंटमधले सांधे बुजवून एकूण गळतीचा आकडा छान खाली येतो आणि माळ्यावरचा तुटलेला नळ तसाच राहतो, असंही होऊ शकतं.

दुसरी बाजू जिवाशी गाठ घालणारी आहे. यंत्र हवा बाहेर ढकलतं तशी घरातून परतही ओढतं. हा परतीचा नळ, रिटर्न, फुटका असला तर तो जिथे असेल तिथली हवा ओढतो: माळ्यावरची धूळ, काचतंतूंचे कण, गॅरेजमधल्या गाडीचा धूर. त्यानं आसपास हवेचा दाब कमी झाला, तर गॅसवर चालणाऱ्या वॉटर हीटरचा धूर धुराड्यातून वर न जाता उलटा घरात येऊ शकतो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला वासही नसतो. म्हणून डक्टची दुरुस्ती झाल्यावर गॅसच्या उपकरणांची तपासणी करून देणं हे करारात हवंच. इथे मी कुणालाही काटकसर सुचवणार नाही.

आता त्या चंदेरी टेपबद्दल. तिचं नावच डक्ट टेप, त्यामुळे ती डक्टसाठीच असणार असं वाटतं. तिचा जन्म मात्र दुसऱ्या महायुद्धातला आहे. इलिनॉय राज्यातल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या व्हेस्टा स्टाउट या बाईंची मुलं नौदलात होती. काडतुसांच्या खोक्यांवरची कागदी पट्टी ऐन वेळी फाटते आणि सैनिकांचे मोलाचे क्षण जातात, हे पाहून त्यांनी कापडी, पाणी न शिरणारी पट्टी सुचवली. वरिष्ठांनी मनावर घेतलं नाही, तेव्हा १९४३ साली त्यांनी थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना पत्र लिहिलं. जॉन्सन अँड जॉन्सननं ती टेप बनवली. युद्धानंतर ती घराघरांत शिरली आणि डक्टच्या सांध्यांवर बसली. पुढे १९९८ मध्ये लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या मॅक्स शर्मन आणि आयन वॉकर यांनी सांधे बुजवणाऱ्या नाना पदार्थांना भट्टीच्या उष्णतेत आणि दाबाखाली ठेवून पाहिलं. टिकली नाही ती नेमकी ही कापडी डक्ट टेपच. उष्णतेनं तिचा गोंद वाळतो आणि पट्टी सुटते. आमच्या माळ्यावर फेब्रुवारीत झालं ते हेच.

टिकतं ते मॅस्टिक, म्हणजे ब्रशनं फासायचा घट्ट लेप, रुंद फटीवर जाळीच्या पट्टीसकट. किंवा यूएल १८१ हा शिक्का असलेली धातूच्या पापुद्र्याची टेप. हा शिक्का टेपच्या पाठीवर छापलेलाच असतो. तेव्हा करारात 'सांधे सील करणे' एवढं पुरत नाही. 'सर्व उघडे सांधे मॅस्टिकने अथवा यूएल १८१ प्रमाणित टेपने बुजवणे, कापडी टेप न वापरणे' असं लिहून घ्यावं. नळ आतूनच बुजवण्याचीही एक पद्धत आहे. बर्कलीच्याच प्रयोगशाळेत मार्क मोडेरा यांनी १९९० च्या दशकात ती शोधली: जाळ्या बंद करून नळात चिकट कणांचा फवारा सोडतात, हवा जिथून निसटते तिथे ते कण जाऊन बसतात. भिंतीआडच्या, हात न पोचणाऱ्या नळांना ती उपयोगी. सुटलेला सांधा किंवा मोठं भोक मात्र आधी हातानंच दुरुस्त करावं लागतं, आणि ते काम त्या किमतीत धरलंय का, हे आधी विचारायचं.

इथे एक गल्लत दूर करते, कारण आपल्या व्हॉट्सॲप गटांत ती रोज दिसते. '९९ डॉलरमध्ये संपूर्ण घराची डक्ट सफाई' अशा जाहिराती येतात आणि खोली गार पडते म्हणून लोक सफाईवाल्याला बोलावतात. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला! सफाई धूळ काढते, गळती थांबवत नाही. अमेरिकेची पर्यावरण संस्था, ईपीए, स्पष्ट सांगते की डक्ट साफ केल्यानं आजार टळतात असं आजवर सिद्ध झालेलं नाही. नळात दिसण्याइतकी बुरशी असेल, उंदीर-किडे शिरले असतील किंवा जाळीतून धूळ खोलीत उडत असेल, तर सफाईचा विचार करावा. त्याच संस्थेच्या माहितीप्रमाणे सफाईचा खर्च एका यंत्रणेमागे साधारण ४५० ते १००० डॉलर येतो. नीट काम ४५० पासून सुरू होत असेल तर ९९ मध्ये काय होणार? माणूस आत येतो, फोनवर काळ्या डागाचा फोटो दाखवतो, 'विषारी बुरशी' म्हणतो आणि आकडा पंधराशेवर नेतो. डाग बुरशीचा आहे हे नुसत्या नजरेनं ठरत नाही, ते प्रयोगशाळेचं काम आहे. 'आम्ही ईपीए-प्रमाणित' असं कुणी म्हणालं तर त्याला दारातूनच निरोप द्यावा. ईपीए डक्ट सफाईवाल्यांना प्रमाणपत्र देतच नाही.

दुसऱ्यांदा दुरुस्ती करून घेताना मी शिकले ती मुख्य गोष्ट ही: गळती मोजता येते, आणि मोजता येते म्हणून ती करारात लिहिता येते.

चाचणी साधी आहे. सगळ्या जाळ्या कागदानं बंद करतात, एका तोंडाशी मोजणीचा पंखा बसवतात आणि नळातला दाब २५ पास्कलवर नेतात. तो दाब टिकवायला पंख्याला दर मिनिटाला जितकी घनफूट हवा ढकलावी लागते, तितकी गळती. या मापाला सीएफएम म्हणतात. नव्या घरांसाठीच्या ऊर्जा संहितेत दर १०० चौरस फुटांमागे ४ सीएफएम अशी मर्यादा आहे. २००० चौरस फुटांच्या घराला ८०. आमच्या घराची पहिली मोजणी ३१० आली. आमच्यासारखं तीन टनाचं यंत्र साधारण १२०० सीएफएम हवा फिरवतं, म्हणजे चौथा हिस्सा वाटेतच जात होता. जुन्या घरात ८० गाठणं नेहमी शक्य नसतं आणि तसं वचन देणाऱ्यावर लगेच विश्वास ठेवू नये. पण '३१० वरून १२० किंवा त्याखाली, त्याच पद्धतीनं पुन्हा मोजून, अहवालासकट' हे वाक्य करारात घालता येतं. शेवटचा हप्ता त्या वाक्याला बांधता येतो. बीपीआय किंवा रेसनेट या संस्थांची मान्यता असलेला तपासनीस ही मोजणी करतो. शक्यतो तो काम करणाऱ्या कंपनीचा नसावा.

हा आकडा हाती आला की कोटेशनांची तुलना करता येते. त्याआधी माझ्याकडे तीन कोटेशनं होती: ९००, २२०० आणि ४८०० डॉलर. मला वाटलं एकजण स्वस्त, एकजण लुबाडणारा. प्रत्यक्षात ती तीन वेगळी कामं होती. पहिला फक्त बेसमेंटमधले दिसणारे सांधे बुजवणार होता. दुसरा माळ्यावरचेही सांधे बुजवून दोन तुटके लवचीक नळ बदलणार होता आणि नव्या नळांना आर-८ इतकं उष्णतारोधक आवरण देणार होता. तिसरा सगळेच नळ उपटून नवे टाकणार होता. तिघांच्या कागदावर शीर्षक एकच: 'डक्टवर्क'. कोणते नळ, किती फूट, कोणत्या खोलीकडे जाणारे, हे लिहून मागितलं तेव्हा दोघांनी सविस्तर दिलं. तिसऱ्यानं पुन्हा फोनच केला नाही.

आकडा कशानं वाढतो? मुख्यतः मजुरीनं. मॅस्टिकचा डबा महाग नसतो. तापलेल्या, बुटक्या माळ्यावर पोटावर सरकत जाणाऱ्या माणसाचे तास महाग असतात. भिंत फोडावी लागली तर ती बुजवून रंग कोण देणार, हा प्रश्न हमखास राहून जातो. घर १९८० पूर्वीचं असेल आणि नळांवर पांढरट कापडी पट्टी किंवा जुनी लगद्याची आवरणं असतील, तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. अशा ठिकाणी आधी नमुना तपासायचा आणि तोवर कुणालाही तिला हात लावू द्यायचा नाही. ते काढण्याचं काम वेगळ्या माणसांचं, वेगळ्या खर्चाचं असतं. काम सुरू झाल्यावर नवं काही सापडलं तर पुढे काय, हेही आधीच ठरवावं: 'लेखी बदल-आदेशावर घरमालकाची सही झाल्याशिवाय जादा काम नाही, जादा पैसे नाहीत.' तासांवर काम देणार असाल तर कमाल रकमेची मर्यादा लिहून घ्या.

आणि हा खर्च वसूल होतो का, याचं प्रामाणिक गणित करावं. एनर्जी स्टार सांगतं की डक्ट बुजवून आवरण घातल्यानं यंत्रणेची कार्यक्षमता जास्तीत जास्त २० टक्क्यांपर्यंत सुधारू शकते. समजा वर्षाचं गरम-थंड करण्याचं बिल २००० डॉलर आहे. उत्तमात उत्तम धरलं तरी वर्षाला ४०० वाचतील. २२०० चं काम साडेपाच वर्षांत फिटेल. 'दोन वर्षांत पैसे परत' म्हणणाऱ्याला हे गणित कागदावर मांडायला सांगा. खोली राहण्याजोगी होणं आणि घरातली हवा सुरक्षित होणं याला मात्र डॉलरमध्ये मोजायची गरज नाही. वीज-गॅस कंपन्यांच्या सवलतीही असतात. कंत्राटदार ती वजा करूनच आकडा सांगत असेल, तर सवलत नाकारली गेल्यास फरक कोण सोसणार, ते लिहून घ्यावं. घरातल्या ऊर्जा-सुधारणांवरची केंद्र सरकारची जुनी करसवलत ३१ डिसेंबर २०२५ नंतरच्या कामांना मिळत नाही. तरीही तिचं आमिष कुणी दाखवलं, तर सावध व्हावं.

कायदा राज्यागणिक बदलतो, पण तो बहुतेक ठिकाणी घरमालकाच्या बाजूचा आहे. न्यू जर्सीत ५०० डॉलरवरचं गृहसुधारणेचं कंत्राट लेखीच असावं लागतं. त्यात कंपनीचं कायदेशीर नाव-पत्ता, कामाचं आणि साहित्याचं वर्णन, एकूण किंमत, सुरू आणि पूर्ण होण्याच्या तारखा हव्यात. विम्याच्या प्रमाणपत्राची प्रत सोबत जोडलेली हवी. प्रत हातात पडल्यापासून तिसऱ्या कामकाजाच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत ते रद्द करता येतं. फसवणूक सिद्ध झाली तर न्यू जर्सीचा ग्राहक कायदा तिप्पट भरपाई देतो. वातानुकूलनाच्या कामाचा परवाना वेगळं मंडळ देतं आणि तो क्रमांक राज्याच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत तपासता येतो. कॅलिफोर्नियात आगाऊ रक्कम कंत्राटाच्या १० टक्के किंवा १००० डॉलर, यांतली जी कमी असेल तिच्याहून जास्त मागता येत नाही. आणि ६५ किंवा त्याहून अधिक वयाच्या घरमालकांना रद्द करायला तीनऐवजी पाच दिवस मिळतात. टेक्सासमध्ये परवान्याचा क्रमांक कंपनीच्या गाडीवरच रंगवलेला दिसतो.

देशभर लागू असलेला नियमही आहे. विक्रेत्यानं घरी येऊन २५ डॉलर किंवा त्याहून जास्त रकमेचा व्यवहार केला, तर तीन कामकाजाच्या दिवसांत तो रद्द करण्याचा हक्क राहतो, आणि हा हक्क त्यानं तुम्हाला सांगावा लागतो. रविवार आणि सरकारी सुट्ट्या त्यात धरत नाहीत, शनिवार धरतात. मात्र अडचणीच्या वेळी तुम्हीच बोलावलं आणि हा हक्क सोडतो असं वेगळ्या कागदावर सही करून दिलंत, तर तो उरत नाही. जानेवारीच्या रात्री घर गोठलेलं असताना समोर आलेला तो जादा कागद म्हणूनच सावकाश वाचायचा.

एक धोका भारतातून आलेल्या माणसाच्या ध्यानीमनीही नसतो. तुम्ही कंत्राटदाराला सगळे पैसे दिलेत, पण त्यानं आपल्या पोटकंत्राटदाराला किंवा माल देणाऱ्याला दिले नाहीत, तर अनेक राज्यांत ते लोक तुमच्या घरावर बोजा नोंदवू शकतात. आपल्याकडे सातबाऱ्यावर बोजा चढतो, तसाच. म्हणून शेवटचा हप्ता देताना 'सर्वांची देणी चुकती, बोज्याचा हक्क सोडला' असा सहीचा कागद घ्यावा. आणि कामाच्या परवानगीसाठी पालिकेत अर्ज कंत्राटदारानं करायचा असतो. 'तुमच्याच नावानं काढा, स्वस्त पडेल' म्हणाला तर त्याच्याजवळ कंत्राटदाराचा परवानाच नसण्याची शक्यता मोठी असते.

हे सगळं वाचून सोपं वाटतं. अवघड जातं ते मागणं. पहिला माणूस ओळखीतला होता. 'आपलाच आहे, त्याच्याकडे काय करार मागायचा' असं मला वाटलं होतं. भीड ही भिकेची बहीण, हे आजी सांगायची ते याच प्रसंगांसाठी. दुसऱ्या वेळी मी मुद्दे हातानं लिहून टेबलावर ठेवले. समोरच्या गृहस्थांनी ते वाचले, १२० हा आकडा खोडून १३० केला, कारण स्वयंपाकघरामागच्या भिंतीतला नळ त्यांना गाठता येणार नव्हता, आणि तसं कारणही बाजूला लिहिलं. मला त्यांचा राग आला नाही, उलट तिथेच भरवसा वाटला. तळाशी त्यांनी स्वतःहून आणखी एक ओळ घातली: गॅरेजच्या छतातलं उष्णतारोधन या कामात समाविष्ट नाही.

दोन दिवसांत काम झालं. तिसऱ्या दिवशी तपासनीस आला, जाळ्यांवर कागद चिकटवले, पंखा लावला. १२४ सीएफएम. त्यानं वॉटर हीटरचा धूर वर जातोय ना, तेही पाहिलं आणि दोन्ही नोंदी सही करून दिल्या. बोजा-माफीचा कागद घेतल्यावर मी उरलेला चेक लिहिला.

अण्णांच्या खोलीत आता ६७ अंश असतात. उरलेले तीन अंश खालच्या थंड गॅरेजमधून फरशीवाटे जातात, कारण त्या छतात काहीच भरलेलं नाही. त्या कामाची दोन कोटेशनं या आठवड्यात आली. एकात नुसतं 'इन्सुलेशन' लिहिलं होतं. ते मी परत पाठवलं आणि आर-मूल्य, जाडी आणि किती चौरस फूट, हे लिहून द्यायला सांगितलं.